पाठीवरची खूण

घरात मूल जन्माला आले की पाहायला येणारे आप्तेष्ट प्रथम त्याचा चेहरा पाहतात. नाक कोणावर गेले, वर्ण कोणाचा घेतला, कपाळ आजोबांचे की मामाचे, ही चर्चा बारशापर्यंत पुरते. त्या मुलाला पालथे करून त्याची पाठ मात्र क्वचितच कोणी न्याहाळते. मनुष्याच्या उभे राहण्याचे, चालण्याचे आणि स्वतःच्या देहधर्मांवर ताबा ठेवण्याचे सारे सामर्थ्य ज्या मज्जारज्जूवर अवलंबून असते, तो त्या पाठीच्या कण्यात सुरक्षित असतो. त्याच्या घडणीत काही उणे राहिले असेल, तर निसर्ग पुष्कळदा त्याची खूण त्वचेवर उमटवून ठेवतो. ती खूण वाचणारा कोणी भेटला तर मूल आयुष्यभर आपल्या पायांवर चालू शकते. ती न वाचली गेली, किंवा देवीचा प्रसाद अथवा पूर्वजन्मीचा डाग म्हणून झाकून ठेवली गेली, तर तेच मूल शाळेच्या वयात लंगडू लागते. मज्जारज्जूच्या जन्मजात विकृती विरळा असतात आणि विरळा गोष्टींविषयी समाज बेफिकीर असतो. म्हणूनच हा विषय आज आम्ही वाचकांपुढे मांडीत आहोत.

मज्जारज्जू कसा घडतो हे प्रथम समजून घेतले पाहिजे, कारण या विषयातील बहुतेक गैरसमजांचे उत्तर त्या घडणीच्या वेळापत्रकातच आहे. गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यात गर्भाच्या पृष्ठभागावर पेशींचा एक जाडसर पट्टा तयार होतो. केळीचे कोवळे पान कडांनी उचलून गुंडाळावे, तशा या पट्ट्याच्या कडा वर येतात, एकमेकींना भिडतात आणि त्यांची एक नळी बनते. हीच मज्जानलिका. तिच्या वरच्या टोकाचा पुढे मेंदू होतो आणि उरलेल्या भागाचा मज्जारज्जू. नलिकेचे वरचे तोंड सुमारे पंचविसाव्या दिवशी मिटते, खालचे सुमारे अठ्ठाविसाव्या दिवशी. अवघ्या महिनाभरात, गर्भ भाताच्या दाण्याहून फारसा मोठा नसताना, हे काम पुरे होते. त्यात चूक झाली तर पुढील आठ महिन्यांत ती आपोआप दुरुस्त होत नाही.

नलिकेचे वरचे तोंड मिटले नाही तर मेंदूची वाढच होत नाही आणि असे मूल जगत नाही. खालचा भाग उघडा राहिला तर पाठीचा कणा तेथे दुभंगलेला राहतो. त्या फटीतून मज्जारज्जू व त्याची आवरणे एखाद्या पिशवीसारखी बाहेर येतात. या व्यंगाला स्पायना बायफिडा, म्हणजे दुभंगलेला कणा, असे म्हणतात. हे नाव सतराव्या शतकात अॅमस्टरडॅमचे वैद्य निकोलस टल्प यांनी रूढ केले. रेम्ब्राँच्या १६३२ सालच्या प्रसिद्ध चित्रात शवविच्छेदनाचा पाठ देणारे तेच हे टल्प. अशा मुलाच्या पायांत कमीअधिक लुळेपणा असतो, मलमूत्रावरचा ताबा गेलेला असतो आणि पुष्कळदा मेंदूत पाणी साचून डोके वाढू लागते. भारतातील निरनिराळ्या पाहण्यांचा एकत्रित हिशेब मांडणाऱ्या अभ्यासकांनी मज्जानलिकेच्या सर्व व्यंगांचे प्रमाण दर हजार जन्मांमागे चारच्या आसपास काढले आहे. प्रगत देशांतील प्रमाणाच्या तुलनेत हा आकडा कितीतरी मोठा आहे.

उघडी पिशवी निदान डोळ्यांना दिसते आणि तिची दखल घेण्यावाचून गत्यंतर नसते. अधिक फसव्या आहेत त्या झाकलेल्या विकृती. त्यांत दुभंगलेला मज्जारज्जू ही एक विलक्षण विकृती आहे. येथे कण्याबरोबर खुद्द मज्जारज्जूच काही अंतरापुरता उभा चिरला जाऊन त्याचे दोन भाग होतात. नदी बेटापाशी दोन प्रवाहांत विभागावी आणि पुढे पुन्हा एक व्हावी, तसा हा प्रकार. १८३७ साली ओलिव्हिये या फ्रेंच वैद्याने तिला शास्त्रीय नाव दिले. १९९२ साली शल्यचिकित्सक डॅकलिंग पँग यांनी तिचे दोन प्रकार स्पष्ट केले. पहिल्या प्रकारात दोन्ही भागांना स्वतंत्र आवरण असते आणि मध्ये हाडाची किंवा कूर्चेची खुंटी असते. दुसऱ्या प्रकारात दोन्ही भाग एकाच आवरणात असून मध्ये केवळ तंतूंचा पडदा असतो. गर्भाच्या अगदी प्रारंभीच्या थरांमध्ये भलत्या ठिकाणी एक जोड राहून गेल्यामुळे हे घडते, असे पँग यांचे प्रतिपादन आहे. मज्जानलिका मिटण्याच्याही आधी, तिसऱ्या आठवड्यातच, या चुकीचा उगम होतो. ही विकृती मुलांपेक्षा मुलींत अधिक आढळते. तिच्या अभ्यासात भारतीय शल्यचिकित्सकांचा वाटा मोठा आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील महापात्र आणि गुप्ता यांनी २००५ साली २५४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. इतक्या विरळा विकृतीच्या संदर्भात ही संख्या लहान नव्हे.

मज्जारज्जू दुभंगलेला असूनही मूल जन्मतः पुष्कळदा धडधाकट असते. मग बिघडते काय? गर्भावस्थेच्या आरंभी मज्जारज्जू कण्याच्या शेवटापर्यंत पोचलेला असतो. पुढे कण्याची हाडे झपाट्याने वाढतात, मज्जारज्जू तितका वाढत नाही, त्यामुळे त्याचे खालचे टोक क्रमाक्रमाने वर सरकते आणि जन्मानंतर थोड्याच काळात कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी स्थिरावते. मध्ये हाडाची खुंटी असेल, किंवा खालचे टोक चरबीच्या गाठीने अथवा जाड तंतूने बांधले गेले असेल, तर हे सरकणे अडते. बंदरात खुंट्याला आखूड दोराने बांधलेल्या होडीचे भरती आल्यावर जे होते, तेच येथे होते. पाणी चढते, होडीला वर जाता येत नाही आणि दोर ताणला जातो. मूल उंचीने वाढेल तसतसा जखडलेला मज्जारज्जू ताणला जातो, त्याचा रक्तपुरवठा मंदावतो आणि पायांकडे व मूत्राशयाकडे जाणारे संदेश क्षीण होत जातात.

हा ऱ्हास हळूहळू होत असल्यामुळेच घरच्यांच्या लक्षात येत नाही. एक पाय दुसऱ्याहून बारीक दिसू लागतो, एकाच पायाची चप्पल लहान घ्यावी लागते, टाच वळते, पाठीला बाक येतो. कपडे ओले करण्याचे थांबलेले मूल पाचव्या-सातव्या वर्षी पुन्हा ओले करू लागते आणि आळशी म्हणून मार खाते. पायाला जखम होते, तरी ती दुखत नाही. यांतील प्रत्येक लक्षणाला घरात एकेक सोयीस्कर कारण सापडते. मूल पडले असेल, थंडी बाधली असेल, वाढीचे वय आहे, आणि काहीच न सुचले तर दृष्ट लागली असेल. अशा रीतीने वर्षे जातात. शस्त्रक्रियेने खुंटी काढून मज्जारज्जू मोकळा करता येतो आणि पुढची हानी बहुधा थांबवता येते. परंतु मूत्राशयावरचा गेलेला ताबा किंवा पायातली गेलेली शक्ती पूर्णपणे परत येईल याची शाश्वती कोणताही प्रामाणिक वैद्य देत नाही. शस्त्रक्रिया केव्हा करावी याविषयी तज्ज्ञांत मतभेद असू शकतात. निदान लवकर व्हावे याविषयी मात्र मतभेद नाही.

निदानाची पहिली पायरी अत्यंत साधी आहे. मुलाला पालथे करून चांगल्या उजेडात मानेपासून माकडहाडापर्यंत पाठीची मधली रेषा पाहावी. त्या रेषेवर केसांचा झुपका, मऊ गाठ, लालसर डाग, शेपटीसारखा मांसल कोंब किंवा नितंबांच्या घळीच्या वर असलेला खळगा अथवा बारीक छिद्र दिसले, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. दुभंगलेल्या मज्जारज्जूवर तर केसांचा झुपका विशेषेकरून आढळतो. उलटपक्षी, आपल्याकडील असंख्य बालकांच्या कमरेवर असणारे निळसर चट्टे निरुपद्रवी असतात आणि काळाबरोबर जातात. घळीच्या आत माकडहाडाजवळ असणारी लहानशी खळगीही बहुधा निर्धोक असते. तेव्हा घाबरून जाण्याचे कारण नाही, पण दुर्लक्षही नको. पहिल्या काही महिन्यांत कण्याची हाडे पुरती घट्ट झालेली नसतात. त्यामुळे साध्या सोनोग्राफीनेही आतला मज्जारज्जू पाहता येतो. नंतर एमआरआयची गरज पडते. म्हणजे, वेळेवर पाहिले तर तपासणीही सोपी आणि स्वस्त.

आपल्या किनारपट्टीवर या तपासणीसाठी एक जुनी व्यवस्था हाताशी आहे, तिच्याकडे कोणाचे लक्ष गेलेले नाही. बाळंतघरी बाळाला खोबरेल लावून न्हाऊ घालणारी बाई रोज त्या मुलाची पाठ चोळते. डॉक्टरांच्या आधी तिच्या बोटांना गाठ लागते, तिच्या डोळ्यांना केसांचा झुपका दिसतो. आज ती काय करते? डाळीच्या पिठाने चोळून ते केस घालवू पाहते आणि मुलगी असेल तर अधिकच जोमाने. केस काढल्याने आतले व्यंग जात नाही, केवळ त्याची पाटी पुसली जाते. या बाईला, आजीला आणि आत्याबाईंना एवढे एक वाक्य कळले की ‘मधल्या रेषेवर काही दिसले तर चोळू नका, दाखवा’, तर कोणत्याही यंत्रावाचून मोठे काम होईल.

आता त्या वेळापत्रकाकडे पुन्हा वळू, कारण त्यात एका मोठ्या अन्यायाचा निवाडा आहे. व्यंग घेऊन मूल जन्मले की आपल्या समाजात पहिला कटाक्ष आईकडे वळतो. ग्रहणात तिने विळी हातात घेतली असेल, तिन्हीसांजेला ओढ्यावरून आली असेल, देवचाराची वाट ओलांडली असेल, कुळदेवतेचा नवस राहिला असेल. सासरचे बोलतात, माहेरचे मान खाली घालतात आणि ती माउली आपल्या नऊ महिन्यांतला एकेक दिवस आठवून स्वतःला अपराधी ठरवीत राहते. परंतु ज्या ग्रहणाची आठवण काढली जाते ते बहुधा पाचव्या किंवा सातव्या महिन्यातले असते. मज्जानलिका तर पहिल्या महिन्यातच मिटलेली किंवा उघडी राहिलेली असते. पाळी चुकल्यावर पंधरवडा उलटतो न उलटतो तोच सारे घडून गेलेले असते. कित्येक स्त्रियांना त्या वेळी आपण गरोदर असल्याची खात्रीही नसते. जे पहिल्या महिन्यात ठरले ते सातव्या महिन्यातली विळी कशी बदलणार? देवळात गाऱ्हाणे घालून ज्याला धीर येतो त्याने ते अवश्य घालावे. देवापुढे उभे राहण्याला आमचा आक्षेप नाही. देवाच्या नावावर आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याला आहे.

महाभारतातील अष्टावक्राची कथा आपल्याला ठाऊक आहे. गर्भातून आपल्या पठणातील चूक दाखवणाऱ्या मुलाला पित्याने शाप दिला आणि मूल आठ ठिकाणी वाकडे जन्मले. त्या कथेतही दोष मातेचा नाही. आणि कथेचा शेवट असा की, त्याच वाकड्या देहाच्या मुलाने जनकाच्या सभेत वाद जिंकून आपल्या पित्याची सुटका केली. आपण शाप तेवढा लक्षात ठेवला आणि जनकाची सभा विसरलो.

हा झाला अंधश्रद्धेचा भाग. विज्ञानाने या बाबतीत काय दिले, त्याची कथा मुंबईपासून सुरू होते हे अनेकांना ठाऊक नसेल. १९२८ साली डॉ. ल्युसी विल्स या इंग्रज संशोधक मुंबईत आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत बसून गिरणगावातील गरीब गरोदर स्त्रियांच्या जीवघेण्या रक्तक्षयाचा अभ्यास करू लागल्या. त्यांना आढळले की यीस्टचा अर्क, मार्माइट या नावाने विकला जाणारा अगदी सामान्य पदार्थ, दिल्याने या स्त्रिया झपाट्याने सुधारतात. १९३१ साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य कोणते हे मात्र तेव्हा कळलेले नव्हते. १९४१ साली अमेरिकेत ते पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक अॅसिड हे नाव मिळाले. १९४५ साली आंध्रातील भीमावरमचे सुपुत्र येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालील लेडर्ली प्रयोगशाळेतील संशोधकांनी ते कृत्रिम रीतीने तयार केले. मुंबईच्या चाळीतील अनाम बायांच्या आजारातून निघालेला हा धागा भारतीय रसायनशास्त्रज्ञाच्या हातून असा पुढे गेला.

या द्रव्याचा आणि दुभंगलेल्या कण्याचा संबंध असावा अशी शंका इंग्लंडमधील डॉ. रिचर्ड स्मिथेल्स यांना १९६० च्या दशकात आली आणि १९८० साली त्यांनी आशादायक निष्कर्ष मांडले. वाद झाले. अखेर ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सात देशांतील ३३ केंद्रांत, आधी असे मूल झालेल्या १,८१७ स्त्रियांवर काटेकोर चाचणी घेतली. १९९१ साली तिचा निकाल आला. फॉलिक अॅसिड घेणाऱ्या गटात ६ मुलांना व्यंग होते, न घेणाऱ्या गटात २१. म्हणजे धोका ७२ टक्क्यांनी कमी झाला होता. हा फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली. आपल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनेही अशीच चाचणी चालवली होती. तीही या निकालानंतर थांबवावी लागली. पुढल्याच वर्षी, १९९२ साली, हंगेरीतील संशोधकांनी पहिलटकरणींनाही याचा लाभ होतो हे दाखवले. तेव्हापासून वैद्यकाचा सल्ला निःसंदिग्ध आहे. गर्भधारणेच्या निदान एक महिना आधीपासून पहिले बारा आठवडे रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड घ्यावे. आधी असे मूल झाले असेल, मधुमेह असेल किंवा अपस्माराची काही औषधे चालू असतील, तर मात्रा अधिक लागते. ती डॉक्टरांनीच ठरवायची. अपस्माराचे औषध आपल्या मनाने बंद करणे हे तर अतिशय घातक.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. फॉलिक अॅसिड ही सर्व विकृतींवरील रामबाण मात्रा नव्हे. ते उघड्या प्रकारची बहुतेक व्यंगे टाळते, सर्व टाळत नाही. चरबीच्या गाठीने जखडलेला मज्जारज्जू किंवा दुभंगलेला मज्जारज्जू अशा झाकलेल्या विकृतींना त्याने तसाच आळा बसतो असे सिद्ध झालेले नाही. म्हणून दोन उपाय एकदमच हवेत. जे टाळता येते ते गोळीने टाळावे आणि जे टाळता येत नाही ते डोळ्यांनी लवकर ओळखावे. गोळी घेऊनही व्यंग घेऊन मूल जन्मले, तर गोळी चुकली असेल म्हणून पुन्हा आईलाच बोल लावण्याचा नवा मार्ग कोणी शोधू नये.

आणि गोळी मिळते केव्हा? आपली आरोग्ययंत्रणा गरोदर स्त्रीच्या हाती गोळी ठेवते ती तिने नाव नोंदवल्यावर. म्हणजे बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. ती गोळी रक्तक्षयासाठी उपयुक्त असते, पण मज्जानलिकेच्या दृष्टीने गाडी निघून गेल्यावर काढलेल्या तिकिटासारखी. किशोरवयीन मुलींना आठवड्यातून एकदा लोह व फॉलिक अॅसिड देण्याची सरकारी योजना २०१३ पासून आखली गेली. २०१८ च्या रक्तक्षयमुक्तीच्या कार्यक्रमाने तिची व्याप्ती वाढवली. योजना उत्तम, पण विवाहाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या किती मुलींना ही गोळी नेमकी कशासाठी हे कोणी सांगितले आहे?

अनेक देशांनी या अडचणीवर एक राजमार्ग काढला. रोजच्या अन्नातच फॉलिक अॅसिड मिसळायचे, म्हणजे कोणी सांगो वा न सांगो, प्रत्येकीच्या पोटात ते जाते. अमेरिका आणि कॅनडाने १९९८ पर्यंत पिठात ते सक्तीने मिसळण्यास आरंभ केला. कॅनडात त्यानंतर या व्यंगांचे प्रमाण ४६ टक्क्यांनी घटले. ज्या ब्रिटनने १९९१ साली जगाला पुरावा दिला, त्या ब्रिटनने मात्र पिठात फॉलिक अॅसिड मिसळण्याचा निर्णय घेण्यास २०२१ साल उजाडू दिले. पुरावा आणि कृती यांमध्ये ३० वर्षांचे अंतर पडले. २०२३ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेने ठराव करून सर्व देशांना अन्नाच्या पोषणवर्धनाचे आवाहन केले.

आपल्याकडे २०२१ च्या स्वातंत्र्यदिनी सरकारी योजनांतील तांदूळ लोह, फॉलिक अॅसिड आणि ब-१२ जीवनसत्त्व मिसळून देण्याची घोषणा झाली. पण मानकांप्रमाणे अशा एक किलो तांदळात फॉलिक अॅसिड ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम असते. दिवसाकाठी पाव किलो तांदळाचा भात खाणाऱ्या स्त्रीला त्यातून २० ते ३० मायक्रोग्रॅमच मिळणार. गरज ४०० ची. शिवाय बाजारातून उकडे तांदूळ घेऊन पेज शिजवणाऱ्या घराला रेशनच्या तांदळाचा उपयोग काय? दुसरा मार्ग मिठाचा. दक्षिण भारतातील चार खेड्यांत आयोडीनबरोबर फॉलिक अॅसिड मिसळलेले मीठ चार महिने वापरून पाहिले गेले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील स्त्रियांच्या रक्तातील फॉलेटचे प्रमाण कित्येक पटींनी वाढले. प्रयोग लहान आहे, पण दिशा दाखवणारा आहे. गलगंडाच्या बाबतीत हेच घडले होते. १९५६ साली कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी यांच्या पथकाने आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग सुरू केला आणि पुढे तेच मीठ देशाच्या घराघरांत पोचले. मिठागरांचा वारसा सांगणाऱ्या किनाऱ्याने मिठाच्या या नव्या उपयोगाचा आग्रह धरावा, हे योग्यच ठरेल.

आता, जी मुले हे व्यंग घेऊन आपल्यात आहेत, त्यांच्याविषयी. त्यांनी जगावे की नाही, हाच प्रश्न एकेकाळी वैद्यकात खुलेपणे विचारला जात होता. शेफील्डचे डॉ. जॉन लॉर्बर यांनी १९७१ साली ५२४ मुलांवरील उपचारांचा हिशेब मांडून, ज्यांचे व्यंग अतितीव्र त्यांच्यावर शस्त्रक्रिया करू नये, असे मत दिले. दुसऱ्याच वर्षी, १९७२ साली, अमेरिकेतील डॉ. जॅक लॅपिडिस यांनी दाखवून दिले की, ठरावीक वेळाने स्वच्छ नळी घालून मूत्राशय रिकामे केले तर मूत्रपिंडे वाचतात आणि मूल कोरडे राहून शाळेत बसू शकते. मेंदूतील पाणी काढण्याच्या झडपेचा इतिहासही असाच आहे. १९५६ साली फिलाडेल्फियाजवळच्या जॉन होल्टर नावाच्या यंत्रकारागिराने आपल्या आजारी मुलासाठी झडप घडवली आणि तिने पुढे अगणित मुलांचे प्राण राखले. कोणाचे जीवन जगण्याच्या योग्यतेचे, याचा निकाल घाईने देणाऱ्यांना एका साध्या नळीने आणि एका बापाच्या कारागिरीने उत्तर दिले. व्यंगाचे निदान गर्भावस्थेतच झाले, तर काय करावे हा निर्णय त्या दांपत्याचा आणि तो त्यांनी पूर्ण माहितीनिशी घ्यावा. पण जे मूल जन्माला आले आहे, ते पूर्ण नागरिक आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने त्याचा शाळेवर, रस्त्यावर आणि कचेरीवर हक्क मान्य केला आहे. त्या हक्काची खरी परीक्षा शाळेच्या स्वच्छतागृहाच्या दारात होते. दर चार तासांनी नळी घालण्यासाठी कडी लागणारे दार आणि स्वच्छ पाणी नसेल, तर कायद्याचे पुस्तक त्या मुलीच्या काय कामाचे?

गोव्यासारख्या लहान राज्याला या बाबतीत बरेच करता येण्यासारखे आहे. १८४२ साली वैद्यकीय शिक्षण सुरू झालेली ही भूमी आहे आणि येथील जवळजवळ सर्व बाळंतपणे रुग्णालयांत होतात. तेव्हा प्रत्येक अर्भकाची पाठ घरी जाण्यापूर्वी एकदा प्रशिक्षित डोळ्यांखालून जावी आणि ‘पाठ पाहिली’ अशी नोंद त्याच्या कागदावर व्हावी, यासाठी नवी इमारत लागत नाही की नवे पद लागत नाही. दुसरी गोष्ट याहूनही सोपी. गोव्यात विवाहाची नागरी नोंदणी सर्व धर्मीयांना बंधनकारक आहे. पहिली सही आणि दुसरी सही करण्यासाठी वधूवरांना नोंदणी कार्यालयाची पायरी सामान्यतः दोनदा चढावी लागते. देशातील दुसऱ्या कोणत्या राज्याकडे, भावी मातापित्यांना विवाहापूर्वी हमखास गाठण्याची अशी जागा असेल? पहिल्या सहीच्या वेळी त्या दोघांच्या हाती मराठी, कोंकणी आणि इंग्रजीत लिहिलेले एक पत्रक आणि फॉलिक अॅसिडची एक पाकिटी द्यावी. खर्च नगण्य. लाभ असा की, जो सल्ला आज तिसऱ्या महिन्यात मिळतो तो विवाहाआधी मिळेल. तिसरी गोष्ट, शाळांतून मुलांची तपासणी करणाऱ्या पथकांनी वजन-उंचीबरोबर चाल पाहावी, पाय पाहावेत आणि पुन्हा कपडे ओले करू लागलेल्या मुलाला ओरडण्याऐवजी त्याची पाठ पाहावी. सिंधुदुर्ग, कारवार, बेळगाव या शेजारच्या भागांतील वाचकांनीही आपापल्या आरोग्य केंद्रांकडे हीच मागणी करावी.

सरकारने काय करावे हे सांगणे सोपे असते. प्रत्येक घराने करावयाचे काम त्याहून सोपे आहे. लग्न ठरलेल्या मुलीला सोन्याबरोबर चार पैशांच्या गोळीचीही माहिती द्यावी. बाळंतिणीच्या खोलीत शिरल्यावर दोष शोधणारी जीभ आवरावी. आणि पुढच्या वेळी शेजारी पाळणा हलला, तर नाक कोणाचे ही चर्चा आटोपल्यावर आजीने न्हाऊ घालणाऱ्या बाईला हळूच विचारावे, “पाठ पाहिलीस का गो बाळाची?” या एका प्रश्नाने एखादी मुलगी आयुष्यभर आपल्या पायांनी चालेल.